स्तनवृद्धीची चीर कुठे घ्यावी: स्तनाखाली, एरिओलाच्या कडेला की काखेत?

इम्प्लांटचा, म्हणजे स्तनात बसवायच्या कृत्रिम पिशवीचा, आकार ठरला की पुढचा प्रश्न येतो तो चिरेचा. बहुतेकजणी वण कुठे दिसणार एवढंच विचारतात. त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या: इम्प्लांट जन्मभर टिकेल असं गृहीत धरता येत नाही. ते फाटतं, सरकतं, कधी शरीराने त्याच्याभोवती बनवलेलं आवरण आवळून स्तन कडक होतो. पंचविशीत इम्प्लांट बसवलं तर पुढे कधीतरी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता बरीच असते. म्हणून जी चीर दुसऱ्या वेळीही उपयोगी पडेल, तिला आम्ही झुकतं माप देतो.

त्या हिशेबात स्तनाखालच्या घडीतली चीर पुढे आहे. सिलिकॉन इम्प्लांटसाठी तिची लांबी साधारण 4 ते 5 सेंमी असते. सर्जनला इम्प्लांट बसवायची पोकळी थेट दिसते, रक्तस्राव जागेवर थांबवता येतो, दुधाच्या ग्रंथी कापाव्या लागत नाहीत. आवरण आवळण्याचं प्रमाणही या वाटेने कमी आढळतं. पुढे इम्प्लांट बदलायचं झालं तर तीच चीर उघडतात, नवा वण पडत नाही.

फसतं ते मोजमापात. स्तनाग्रापासून घडीपर्यंतचं अंतर त्वचा ताणून मोजतात. 300 सीसीच्या इम्प्लांटला हे अंतर साधारण 8 सेंमी लागतं. तुमचं 6 असेल तर घडीच 2 सेंमी खाली न्यावी लागते, आणि चीर त्या नव्या घडीवर आखावी लागते. जुन्या घडीवरच घेतली तर वण स्तनावर चढतो; फार खाली गेली तर तो थेट ब्राच्या इलॅस्टिकखाली किंवा ब्लाऊजच्या खालच्या पट्टीखाली येतो आणि रोज घासला जातो. ब्लाऊज अंगासरशी शिवून घेणारीने पहिले काही महिने ती पट्टी सैल ठेवायला शिंप्याला सांगावं. स्तन अगदी लहान असेल आणि घडी जवळपास नसेलच, तर आडवं झाल्यावर हा वण दिसतो, हेही खरं.

एरिओला म्हणजे स्तनाग्राभोवतीचा गडद भाग. त्याच्या खालच्या कडेची चीर रंगाच्या सीमेवर पडते, त्यामुळे नीट भरली तर शोधावी लागते. सावळ्या त्वचेवर मात्र कधी कधी तिथे पांढुरकी रेघ उरते. दुसरा अडसर जागेचा. एरिओलाचा व्यास 4 सेंमी असेल तर खालची अर्धी कड सव्वासहा सेंमीच्या आसपास भरते. व्यास अडीच असेल तर ती चारच्याही आत येते. तेवढ्यातून सिलिकॉन इम्प्लांट रेटून घातलं तर त्याच्या कवचावर ताण येतो. शिवाय ही वाट दुधाच्या नलिकांमधून जाते. नलिकांमध्ये मुळात जंतू असतात. ते इम्प्लांटला चिकटले की आवरण आवळण्याचा धोका वाढतो. स्तनाग्राची संवेदना कमी होण्याची आणि पुढे अंगावर पाजताना दूध कमी येण्याची शक्यताही धरावी लागते. मूल व्हायचं असेल तर ही चीर आम्ही सुचवणार नाही. एरिओला लहान करायचा किंवा स्तन वर उचलायचा असेल तर कडेला काप द्यावाच लागतो, तेव्हा गोष्ट वेगळी.

काखेतल्या चिरेचं आकर्षण उघड आहे: स्तनावर एकही खूण नाही. पण पोकळी दूर असते. एंडोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी, न वापरता काम केलं तर छातीच्या स्नायूचा खालचा भाग नीट सुटत नाही आणि इम्प्लांट वरच अडकून राहतं, कधी एक बाजू वर आणि एक खाली. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. दुरुस्तीची वेळ आली तर बहुतेकदा स्तनाखाली नवी चीर द्यावीच लागते, म्हणजे वण टाळायला गेलो आणि दोन झाले. बिनबाह्यांचं ब्लाऊज घालणारीला हात वर केल्यावर हाच वण दिसेल. वारंवार काखमांजरी होत असेल तर हा पर्याय सोडाच.

बेंबीतून इम्प्लांट घालण्याबद्दलही विचारणा होते. त्या वाटेने फक्त आत नेऊन सलाईनने भरायचं इम्प्लांट जातं. सिलिकॉन हवं असेल तर विषय संपला.

सोलापुरात ऋतूचा विचार करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, आणि घडी काय, काख काय, दोन्ही जागा घामाच्या. स्तनाखाली खाज किंवा लाल चट्टे असतील तर आधी ते पूर्ण बरे करा, तोवर तारीख घेऊ नका. जमलं तर नोव्हेंबर ते जानेवारी निवडा. सर्जिकल ब्रा किमान दोन हव्यात, एक धुवायला आणि एक अंगावर. पहिले 4 ते 6 आठवडे जड उचलायचं नाही, चीर कुठेही असो. नळाला पाणी येण्याच्या दिवशी भरलेली घागर उचलण्याचं काम आधीच दुसऱ्या कोणावर सोपवा. काखेत चीर असेल तर दोरीवर कपडे वाळत घालणंही.

केलॉइडची, म्हणजे वण गाठीसारखा फुगून वाढण्याची, सवय असेल, कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसातले किमान 12 तास, दोन-तीन महिने लावतात. वण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून तिसऱ्या महिन्यातल्या लालीवरून निकाल काढू नका.

सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. स्तनाग्र ते घडी अंतर आणि एरिओलाचा व्यास तुमच्यासमोर मोजून कागदावर लिहून घ्या. काखेची चीर सुचवली तर एंडोस्कोप वापरणार का, हे थेट विचारा. शस्त्रक्रिया पुण्याला किंवा हैदराबादला करणार असाल तर पहिले दोन-तीन दिवस तिथेच मुक्काम ठेवा. एक बाजू अचानक फुगून ताठ झाली आणि दुखणं वाढलं तर आत रक्त साचलेलं असू शकतं, आणि ते काही तासांतच काढावं लागतं. सोलापूरला परतल्यावर असं झालं तर रात्री कोणत्या सर्जनकडे जायचं, त्याचं नाव आणि फोन नंबर निघण्याआधीच घेऊन ठेवा.