फोर्ट कोचीतला होमस्टे: दोन रात्री, दोघं आणि डास

लग्नाच्या वाढदिवसाला कोचीला जायचं ठरलं, सुट्टी जेमतेम तीन दिवसांची, म्हणून नवऱ्याने नेहमीप्रमाणे एक्सेल शीट बनवली. शुक्रवारी मट्टनचेरी पॅलेस, शनिवारी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), रविवारी परत. होमस्टेला सहज फोन केला तर तिथल्या आंटी म्हणाल्या, पॅलेस शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी बंद, मग तुम्ही येऊन बघणार काय? रविवार ते मंगळवार या. झालं, शीटचा निकाल लागला. एक स्टार तर मी तेव्हाच देऊन टाकला.

रूम जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, नाश्त्यासकट 2800 रुपये रात्रीचे. जिना करकरतो, बाथरूमला गरम पाणी यायला पाच-सात मिनिटं लागतात, पण चादरी स्वच्छ. फोटोखाली ‘सी व्ह्यू’ लिहिलंय तो बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून मान बाहेर काढली की बोटभर दिसतो, बाकी समोर भलामोठा रेन ट्री. त्याच्याबद्दल तक्रार नाही, संध्याकाळचा चहा आम्ही तिथेच घेतला. तक्रार डासांबद्दल आहे. बापरे! मच्छरदाणी दिलीय पण तिला बरोब्बर डोक्यापाशी भोक, शेवटी मी केसांची क्लिप लावून ते बंद केलं.

नाश्ता मात्र एक नंबर. आप्पम कडेला जाळीदार कुरकुरीत आणि मधे लुसलुशीत, आपल्या आंबोळीची लाडावलेली बहीण म्हणा, सोबत नारळाच्या दुधातला इश्टू. दुसऱ्या दिवशी पुट्टू-कडला, म्हणजे वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि काळ्या चण्यांची आमटी होती, ते मला कोरडं वाटलं, नवऱ्याने माझंही संपवलं.

राहायला पाण्यापलीकडे एर्नाकुलम बाजूला नवी हॉटेलं मिळतात पण दोनच रात्री असतील तर फोर्ट कोचीतच राहा, सगळं पायी फिरता येतं. वास्को द गामाला 1524 मध्ये पुरलं ते सेंट फ्रान्सिस चर्च जवळच आहे, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, आता कठड्यात नुसता दगड. किनाऱ्यावरची मासे धरायची चिनी जाळी पहाटे बघा, दोरांना लटकवलेले मोठाले दगड खालीवर होतात ते बघत आम्ही तासभर बसलो. कोळीदादा दोर ओढायला बोलावतात, ओढलात की पैसे मागतात, हे धरून चाला. 1568 च्या सिनेगॉगमध्ये चप्पल काढून जायचं, पायाखाली चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, पाय ठेवायलाच जीव होत नाही.

आणि आंटींनी न विचारता सांगितलेली गोष्ट, चेरलाईला तिरुमला देवळाकडे जा. गेलो, तर वाण्याच्या दुकानात दोन बायका चक्क कोंकणीत भाव करतायत! पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून आलेली गौड सारस्वत मंडळी, अजून घरात कोंकणीच. मला अर्धं कळलं, नवऱ्याला काहीच नाही, त्यामुळे दिवसभर मी भाव खाल्ला.

रिक्षावाल्याने मात्र दोनदा मसाल्याच्या दुकानात नेऊन उभं केलं, कमिशन असतं. एर्नाकुलमला जायचं असेल तर वॉटर मेट्रोने जा, एसी बोट आहे, हायकोर्टपर्यंत साधारण वीस मिनिटं.

चार स्टार. एक डासांनी खाल्ला. माझी क्लिप तिथेच मच्छरदाणीला राहिलीय, पुढे जे जातील त्यांनी काढू नका.