जेन्किन्सचं गिट प्लगइन: टॅग अडला की कितपत कामाचं?

रत्नागिरी-कुडाळकडच्या चार-पाच जणांच्या ऑफिसला जेन्किन्स (कोड बदलला की बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम बांधण्याचं काम, आपोआप करणारं सॉफ्टवेअर) परवडतो: फुकट आहे आणि कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवरही चालतो. गिट ही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली; जेन्किन्सला तिच्याशी जोडणाऱ्या गिट प्लगइनचा कस लागतो तो टॅगवर, म्हणजे एखाद्या आवृत्तीला दिलेल्या नावावर. टॅग आणण्यात ते पक्कं आहे, पाठवण्यात मात्र लंगडं.

‘वूड क्लॉबर एक्झिस्टिंग टॅग’ म्हणत बिल्ड लाल झालं, की समजावं, आधीच पाठवलेला टॅग कुणीतरी उचलून दुसऱ्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) ठेवलाय आणि वर्कस्पेसमध्ये (जेन्किन्सच्या कामाच्या फोल्डरमध्ये) अजून जुनाच आहे. पूर्वी फेच (रिमोटवरून, म्हणजे सर्व्हरवरच्या मूळ रिपॉझिटरीतून, बदल आणणं) असा टॅग गुपचूप बदलायचं. डिसेंबर 2018 मधल्या गिट 2.20 पासून नकार देतं. कन्सोल आउटपुटमध्ये ‘गिट फेच --टॅग्ज --फोर्स’ दिसतंय का पाहा. ‘--फोर्स’ नसेल तर गिट नवं आणि गिट क्लायंट प्लगइन जुनं, ते अपडेट करा. पाइपलाइनच्या (स्क्रिप्ट लिहून बनवलेल्या जॉबच्या) शेल स्टेपमध्ये हाताने लिहिलेल्या फेचला मात्र प्लगइनचा हात पोचत नाही. तिथे ‘--फोर्स’ आपणच लावायचं.

‘वाइप आउट रिपॉझिटरी अँड फोर्स क्लोन’ हा सगळ्यांचा आवडता उपाय. टॅग सुटतो खरा, पण दर बिल्डला अख्खी रिपॉझिटरी नव्याने उतरते. जुलैत वारा सुटला की आपल्याकडे नेटची ये-जा चालूच. क्लोन मध्येच तुटलं तर गिट पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. त्यात क्लोनची मुदत मुळात 10 मिनिटांची (‘अ‍ॅडव्हान्स्ड क्लोन बिहेवियर्स’मध्ये वाढवता येते). रिमोटवरून काढलेले टॅग वर्कस्पेसमध्ये रेंगाळत असतील, तर ‘प्रून स्टेल टॅग्ज’ पुरतं. मल्टिब्रँच जॉबमध्ये (दर ब्रँचचं बिल्ड वेगळं करणाऱ्या) मुळात टॅग येतच नाहीत, म्हणून जवळच्या टॅगवरून आवृत्तीचं नाव काढणारं ‘गिट डिस्क्राइब’ रडतं; ‘फेच टॅग्ज’ चालू करा.

आता पाठवणं. प्लगइनचा टॅग पाठवणारा भाग, गिट पब्लिशर, फ्रीस्टाइल (फॉर्म भरून बनवलेल्या) जॉबमध्ये छान चालतो, पाइपलाइनमध्ये नाहीच. क्रेडेन्शियल (लॉगिनची माहिती) बांधून शेलमधूनच पुश करावं, म्हणजे पाठवावं लागतं. तिथे ‘गिट पुश --टॅग्ज’ कधीही लिहू नका. वर्कस्पेसमध्ये पडून असलेले सगळे टॅग त्यासोबत जातात आणि रिमोटवरून काढून टाकलेले पुन्हा उभे राहतात. एकच टॅग, नाव घेऊन पाठवा. दोन बिल्डं एकाच वेळी धावून तोच आवृत्ती क्रमांक काढतात, तेव्हा दुसऱ्याचा पुश ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’वर आपटतो, ‘डिसेबल कंकरंट बिल्ड्स’ लावा. पुश फसला तरी टॅग वर्कस्पेसमध्ये बनलेला असतो, त्यामुळे पुढचं बिल्ड टॅग बनवतानाच थांबतं. पुश फसल्यास ‘गिट टॅग -डी’ करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये हवीच.

टॅग हलवणाऱ्याला रोखणं प्लगइनच्या हातात नाही. रिपॉझिटरी गिटलॅबवर (रिपॉझिटरी ठेवण्याच्या सेवेवर) असेल तर रिलीजच्या नावांना ‘प्रोटेक्टेड टॅग्ज’ लावा. टॅग हलवणारा पुश तिथेच परत फिरतो.