जवळची बाग कुणी सांभाळावी: पालिकेच्या माळ्यांनी, ठेकेदाराने की रहिवाशांनी?

बाग उजाड झाली की तक्रार जाते. वॉर्ड ऑफिसमधून कधी उत्तर येतं, 'माळ्यांची पदं रिकामी आहेत'. कधी 'टेंडर काढलंय'. आणि अलीकडे बऱ्याचदा 'मग तुम्हीच दत्तक घ्या ना'. तुमच्या सोसायट्यांच्या बैठकीत हा शेवटचा प्रस्ताव आला असेल, तर हो म्हणण्याआधी तिन्ही वाटा शेजारी ठेवून बघा. माझ्या मते बागेचा निकाल हिरवळीवरून लावू नये. फाटक कुणाच्या हातात आहे आणि पैसे संपल्यावर उत्तर कोण देणार, हे आधी विचारावं.

उद्यानं, बागा, क्रीडांगणं पुरवणं हा विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवण्याच्या कामांत आहे. म्हणजे दत्तक देऊन पालिका मोकळी होते, असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

पालिकेच्या स्वतःच्या माळ्यांची जमेची बाजू म्हणजे ओळख. वर्षानुवर्षं एकाच बागेत असलेल्या माळ्याला कुठल्या कोपऱ्यात पावसाचं पाणी तुंबतं, कुठला वॉल्व्ह अर्धाच उघडतो, कुठल्या झाडाला आतून वाळवी लागली आहे, हे ठाऊक असतं. पाइप फुटला तर स्टोअरमधून नवा येईपर्यंत तो सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून पाणी चालू ठेवतो. पण तो निवृत्त झाला की त्याची जागा भरली जातेच असं नाही, आणि मग एकाच माळ्याकडे दोन-तीन बागा येतात. जुनी मोठी झाडं किंवा रोपवाटिका असलेल्या बागेसाठी मात्र मी याच पर्यायाचा आग्रह धरेन, मागणी कितीही लांबली तरी.

ठेक्याचं गणित वेगळं. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम मिळतं, आणि त्या दरात नफा काढायचा तर माणसं आणि खत इथेच कात्री लागते. लॉन कापलेलं लगेच दिसतं, म्हणून ते कापलं जातं. झाडाच्या मुळाशी पाणी पोचलं का, हे मे महिन्यापर्यंत कुणाला कळत नाही. म्हणून ठेका चांगला की वाईट, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. नुसतं 'बागेची देखभाल करणे' असं लिहिलं असेल तर तो कागद निरुपयोगी आहे. रोज किती माणसं, कोणत्या वेळेत. स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा धुवायचं. मोडका झोका त्याच दिवशी बांधून बंद करायचा आणि किती दिवसांत दुरुस्त करायचा. न केल्यास बिलातून किती कपात, हे सगळं हवं. ही कागदपत्रं माहिती अधिकारात मिळतात. बागेत रोज फिरायला येणाऱ्या चार ज्येष्ठांनी ती यादी हातात धरली आणि दर महिन्याला बिल निघण्याआधी उद्यान विभागाकडे शेरा पाठवला, की काम सुधारतं.

दत्तक घेण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण मुंबईतच आहे. चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली होती. भोवतालच्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली आणि १९९० च्या दशकात देखभाल त्यांच्या ट्रस्टकडे आली. मैदान आजही सर्वांना खुलं आहे, क्रिकेट जोरात चालतं. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती याच मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या आहेत.

पण त्याच शहरात काळजीवाहू तत्त्वावर, म्हणजे नुसतं सांभाळण्यासाठी संस्थांना दिलेल्या काही भूखंडांवर क्लबहाऊस उभी राहिली, सभासदत्वाची फी आली आणि आसपासची मुलं बाहेर राहिली. त्यामुळेच जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचं धोरण मंजूर केल्यावर गदारोळ झाला आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ते थांबवावं लागलं. विरोध करणारे नागरिक गटच होते, आणि त्यांचं बरोबर होतं. एकदा बांधकाम झालं की जागा परत मिळवायला कोर्टकचेरीत उमर जाते.

पुण्याचं एम्प्रेस गार्डन तिसरीच गोष्ट सांगतं. ३९ एकरांची ती बाग अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था सांभाळते, तिकीट घेते, २६ जानेवारीच्या सुमाराला पुष्पप्रदर्शन भरवते. तिच्यामागे बागकामाची परंपरा आहे. अर्ध्या एकराच्या बागेसाठी वर्गणी काढणाऱ्या सोसायटीकडे ती नसते. पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी दोघेतिघे, तिसऱ्या वर्षी पाण्याचं बिल कुणी भरायचं यावरून भांडण, असंच बहुतेक ठिकाणी होतं. शिवाय १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे फांदी तोडायलाही परवानगी लागते. दत्तक घेतलं म्हणून तो अधिकार मिळत नाही.

नव्या कामांकडेही लक्ष द्या, कारण बागेचे बरेच पैसे तिथे जातात. पुण्यात नगरसेवकांच्या 'स' यादीतून, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठी त्यांना मिळणाऱ्या निधीतून, पेव्हर, कमान, ओपन जिम पटकन होतात; तेलपाणी करायला पुढे तरतूद नसते. कुठलंही नवं काम मागताना दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, किती, हे विचारा, आणि झाडाच्या बुंध्याभोवती किमान मीटरभर माती मोकळी ठेवायला लावा. पाणी, दिवे आणि स्वच्छतागृह नीट नसेल तर जिमचे पैसे तिकडे वळवायला सांगा. बायका आणि म्हातारी माणसं बागेत किती वेळ थांबू शकतात, हे स्वच्छतागृहावर ठरतं.

तर गल्लीतल्या लहान बागेसाठी मी ठेका आणि रहिवाशांची देखरेख हीच वाट निवडेन. पाच वर्षांचे पैसे आधीच जमले असतील तरच दत्तक घ्या, आणि करारात तीन गोष्टी पक्क्या करा. एकही वीट बसणार नाही. प्रवेश सर्वांना, फुकट. आणि फाटक दुपारीही उघडं: पुण्यातल्या बहुतेक बागा नेमक्या दुपारी बंद असतात, जेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांना दोन कामांच्या मधे टेकायला सावली हवी असते. योगवर्ग, हास्यक्लब, उन्हाळी शिबिरं जरूर भरवा. पण ठरलेल्या तासापुरती परवानगी घेऊन, आणि मुलांच्या खेळाची जागा सोडून.