हिंजवडीला रोज जायचं, मग डिझेल घ्यावी का?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्यात ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "रोजचं हिंजवडी आहे, डिझेल घेऊ का?" मी दोन्ही वापरून झालोय. २०२१ ते २०२४ डिझेल, तेव्हापासून पेट्रोल. दोन्ही गाड्या एकाच मापाच्या, चार मीटरच्या आतल्या, दोन्ही मॅन्युअल. रस्ताही तोच: कर्वेनगर, वारजे, बायपास, चांदणी चौक, भूमकर चौक आणि हिंजवडी. एका बाजूला साधारण वीस किलोमीटर. आकडे टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असे काढलेले आणि माझ्या पायाच्या सवयीचे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

आधी डिझेलचं कौतुक, कारण ते मनापासून आहे. पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि ताम्हिणी घाट. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी चढायची की मागे बसलेल्यांच्या गप्पा तुटायच्या नाहीत. त्याच घाटात आताची पेट्रोल दुसरा गिअर मागते आणि आवाज करते. ट्रॅफिकमध्येही डिझेलची एक खुबी आहे. क्लच हळूच सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी आपली आपण सरकते. पेट्रोलला प्रत्येक वेळी थोडं चुचकारावं लागतं. क्लच मात्र डिझेलचा जड होता. भूमकर चौकात पाऊण तास काढला की डाव्या गुडघ्याला ते कळायचं. हे माझ्या वयाचंही असेल.

आता पैसे. डिझेल मला रोजच्या वापरात लिटरला १५ द्यायची, पेट्रोल साडेबारा देते. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरलं तर किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये वाचतात. माझं वर्षाचं रनिंग दहा हजार, म्हणजे वर्षाला २३ हजार. घेताना डिझेलसाठी दीड लाख जास्त मोजले होते. त्यात आपल्याकडे डिझेलला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. म्हणजे साडेसहा वर्षांनी बरोबरी, तीही सर्व्हिसिंगचा जादा खर्च धरला नाही तर. २०१२च्या सुमाराला पेट्रोल सत्तरीत आणि डिझेल चाळिशीत होतं, तेव्हा हे गणित कागदाच्या कपट्यावर सुटायचं. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि ती मजा गेली. तरीही एवढ्यावर मी डिझेल सोडली नसती.

सोडली ती एका दिव्यामुळे.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे, कडक नियम आले. डिझेल गाडीच्या धुरातल्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून थेट साडेचारवर आली. मारुतीनं तर त्या वेळी डिझेल गाड्या बंदच केल्या. ज्यांनी डिझेल चालू ठेवली त्यांनी सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसवला, तोच डीपीएफ. काजळी त्यात साचते आणि ठरावीक भरली की गाडी ती जाळून टाकते. जाळायला साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं. त्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते, आणि हे पुरं व्हायला साठच्या पुढच्या वेगानं सलग पंधरा-वीस मिनिटं पळावं लागतं.

कागदावर माझा निम्मा रस्ता हायवे आहे. शोरूममध्येही मी तसंच सांगितलं होतं आणि त्यांनी आनंदानं मान डोलावली होती. प्रत्यक्षात सकाळी नऊला त्या हायवेवर पाषाण-सूसपासून जी रांग लागते, तिच्यात तिसरा गिअर टाकणं म्हणजे चैन. संध्याकाळी उलट दिशेला तेच. त्यामुळे काजळी जाळायचं काम सुरू व्हायचं ते नेमकं सोसायटीच्या गेटवर. इंजिन चालू ठेवून गाडी नुसती उभी असताना जो आरपीएमचा काटा आठशेवर असायचा तो हजारावर, समोर मायलेजचा आकडा धाडकन खाली, पंखा विमानासारखा आणि बोनेटखालून तापलेल्या लोखंडाचा वास. किल्ली काढली की जाळणं अर्धवट. वॉचमन दोनदा धावत आले, "साहेब, गाडी पेटली का?"

असं चार-पाच वेळा अर्धवट राहिलं की डॅशबोर्डवर फिल्टर भरल्याचा दिवा लागतो. मग माझा रविवारचा नेम सुरू झाला. पहाटे सहाला उठायचं, नवले पूल, नवा कात्रज बोगदा, खेड-शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडून वळायचं (टोल कोण भरणार?) आणि चौथ्या गिअरमध्ये घरी परत. चाळीसेक किलोमीटर. बायको विचारायची, "कुठे निघालात?" आणि मी सांगायचो, "काजळी जाळायला." वाचवलेल्या डिझेलपैकी किती त्या फेऱ्यांत गेलं, याचा हिशोब मी मुद्दाम ठेवला नाही.

एका पावसाळ्यात तीन रविवार चुकले. दिवा गेला नाही, गाडीनं ताकद कमी केली आणि सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. तिथे उभ्या गाडीवर मशीन लावून फिल्टर जाळला. मेकॅनिकनं ऑइलची पट्टी काढून माझ्या नाकापुढे धरली. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलं होतं आणि डिझेलचा वास येत होता. जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल, काम अर्धवट राहिलं की थोडं थोडं सिलिंडरच्या कडेनं खाली झिरपतं आणि ऑइल पातळ करतं. ऑइल मुदतीच्या चार हजार किलोमीटर आधी बदललं. तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, गाडीत काही प्रॉब्लेम नाही. तुमच्या रस्त्यात आहे."

वडीलधारे सांगतात की त्यांची डिझेल दोन लाख किलोमीटर कुरकुर न करता पळाली. खरं आहे, पण त्यातल्या बहुतेक गाड्यांत हा फिल्टर नव्हताच.

गाडी मी कराडच्या मेहुण्याला दिली. तो आठवड्यातून चारदा कोल्हापूरला जातो. मायलेज वीसच्या वर सांगतो. थोडं वाढवून सांगत असेल, पण दिवा त्यानं आजवर पाहिलेला नाही. तुमची नोकरी रांजणगावला किंवा तळेगावला असेल, सकाळी सातच्या आत निघत असाल, वर्षाला अठरा-वीस हजार होत असतील, तर माझं ऐकून पेट्रोलला जाऊ नका, पस्तावाल. सीएनजी स्वस्त पडेल, पण पंपावरच्या रांगेत उभं राहायची चिकाटी माझ्याकडे नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

पेट्रोल गाडीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. गेल्या वर्षभरात तिच्याकडे बघावं असं तिनं काही केलं नाही. घाटात तिचा राग येतो, महिन्याचं पंपाचं बिल बघून येतो. पण रविवारी मी झोपतो.

ठरवायच्या आधी एक करा. सध्या ज्या गाडीनं जाता तिच्यात बसून, रोजच्या वेळी, साठच्या पुढे सलग किती मिनिटं जमतात ते मोबाइलवर मोजा. मोजायचं तर मंगळवार ते गुरुवारातच. सोमवारी आणि शुक्रवारी निम्मं हिंजवडी घरून काम करतं आणि रस्ता खोटं बोलतो.