‘माझा भाचा बरा झाला’ म्हणणाऱ्यापासून सावध : माझे 85,000 गेले

27 वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. विनातिकीट माणूस मी गाडीत चढतानाच ओळखायचो. कॅश भरताना रुपयाचा फरक कधी आला नाही. ही बढाई नाही. ज्यानं मला 85,000 रुपयांना गंडवलं त्याच्याबद्दल लिहायचंय, आणि ‘काका भोळे असतील’ असं कुणी म्हणायच्या आत हे सांगून टाकलेलं बरं.

माझ्या धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे. 2014 साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू झालं. पहिली दोन वर्षं आम्हीही देवऋषी, उतारे, नवस सगळं केलं. मग पुण्याचा दवाखाना. तीन औषधं बदलल्यावर क्लोझापिन लागू पडलं. या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. सातारा ते पुणे, 18 खेपा. पण पोरगं माणसांत आलं. 2021 पासून झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागलं, महिना 6,000 रुपये. माझी पेन्शन 3,212 रुपये, ईपीएस-95 (पीएफची पेन्शन योजना) वाल्यांना वेगळं सांगायला नको. त्या 6,000 ला आमच्या घरात काय किंमत होती ते लठ्ठ पगारवाल्याला नाही कळायचं. पहिल्या पगारातून त्यानं आईला मिक्सर आणला होता.

आता तो माणूस. ऑगस्ट 2024, मंगळवार, ओपीडीचा दिवस. डॉक्टरांना दाखवून, मेडिकलमधून गोळ्या घेऊन आम्ही समोरच्या टपरीवर चहाला थांबलो. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, बोलणं आपल्याच भागातलं. पोराकडं बघून हळूच म्हणाला, “दादा, क्लोझापिन चालूय ना? रात्री लाळेनं उशी ओली होते ना?”

होते. रोज होते. रोज सकाळी त्याची आई उशीचा अभ्रा धुते. ही गोष्ट मी सख्ख्या भावाला सांगितलेली नाही. मुलीच्या सासरी तर अजून ‘त्याला मायग्रेन आहे’ एवढंच माहीत आहे. आणि हा परका माणूस सरळ ते बोलला. माझा गळा दाटून आला, खोटं कशाला बोलू. मग त्याच्या भाच्याची कहाणी : नऊ वर्षं आजारी, नाशिककडच्या वैद्यांचं औषध, आता बँकेत नोकरी, गेल्या वर्षी लग्न झालं. पैसे मागितले नाहीत. चहाचे पैसेही त्यानंच दिले. वैद्यांना फोन लावून दिला, त्यांनी फोनवर सांगितलेली औषधं चिठ्ठीवर लिहून दिली आणि ‘ही अमुक गल्लीतल्या दुकानातच शुद्ध मिळतात’ म्हणाला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. गुडघेदुखीवाल्यांना, लकवा झालेल्यांच्या घरच्यांना असंच गाठतात, पेपरात मीही वाचलं होतं. पण मनाच्या आजारात कुणी असा येईल असं डोक्यात आलं नाही.

जे दिसलं होतं ते सांगतो, कारण तेच मला झोपू देत नाही. त्याच्या हातात फाईल नव्हती. या आजाराच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक घराकडं फाईल असते. जाडजूड, कडा फाटलेली, दोरीनं बांधलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. आठ वर्षांत फाईलशिवाय आलेलं माणूस मी तिथं पाहिलं नाही. याच्या हातात फक्त मोबाईल आणि गाडीची किल्ली. बरं, भाचा नऊ वर्षं आजारी होता आणि आता बरा झालाय, तर हा मंगळवारी ओपीडीसमोर काय करत होता? लांब पल्ल्याच्या गाडीत बिनसामानाचा माणूस दिसला की माझा हात आपोआप मशीनकडं जायचा. त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं आणि मनानं सोडून दिलं. नंतर आठवलं, मेडिकलच्या रांगेत हाच माझ्या मागं उभा होता. गोळीचं नाव त्यानं तिथं ऐकलं. आणि या गोळीनं लाळ सुटते हे तर दवाखान्याभोवती वावरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. चमत्कार एवढाच होता. (रांगेत औषधाचं नाव मोठ्यानं घेऊ नका. चिठ्ठी पुढं सरकवा.)

दुकानात ब्राह्मी, शंखपुष्पी, सर्पगंधा असली मुळं-पाल्याची पोती होती. पाटीवर भस्माचा भाव 1,860. चिठ्ठीत भस्म 45 ग्रॅम. मी धरलं 10 ग्रॅमचा भाव, म्हणजे सगळं मिळून दहा हजारांच्या आत. माझ्यासमोर त्यांनी भस्म पाल्यात घालून कुटलं आणि मग हिशेब केला : भाव ग्रॅमचा. भस्माचे 83,700, बाकीचे 1,340, एकूण 85,040. मी नको म्हणालो, तर मालक म्हणतो, “आता मिसळून झालंय काका, तुमच्या पेशंटच्या नावानं कुटलंय, दुसऱ्याला चालणार नाही.” दारात दोघं उभे. पोराला गोंगाट सहन होत नाही, तो कानावर हात ठेवून पुटपुटायला लागला. लोक बघायला लागले. तिथून त्याला बाहेर काढायचं एवढंच मला सुचत होतं. माझ्या जागी स्वतःला उभं करा आणि मग हसा.

25,000 एका यूपीआयवर, 20,000 दुसऱ्याच नावाच्या यूपीआयवर, बाकी 40,000 दोन कार्डांवर एटीएममधून, त्यातले 20,000 बायकोच्या भिशीचे. एटीएमपर्यंत त्यांचा पोऱ्या सोबत. वरचे 40 रुपये सोडले त्यांनी, उपकारच केले. बिल दिलं ते फक्त 1,340 चं. यूपीआयनं गेले असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी तिसऱ्या दिवशी केला, तोवर खाती रिकामी.

वैद्यांची अट होती, गोळ्या बंद करायच्या, दोन्ही एकत्र ‘उष्ण पडतं’. मी बंद केल्या. पोरालाही त्या नकोच होत्या, 22 किलो वजन वाढलं होतं, दुपारपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. पहिले आठ दिवस लाळ थांबली, चेहरा उजळला, आम्हाला वाटलं लागू पडलं. लाळ थांबली ती गोळी थांबली म्हणून, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. अकराव्या दिवशी झोप गेली. सोळाव्या रात्री तो घरातून निघाला आणि महामार्गानं चालत सुटला. पहाटे नागठाण्याजवळ एका ट्रकवाल्यानं त्याला बाजूला बसवून ठेवलं होतं. त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही.

19 दिवस अ‍ॅडमिट, बिल 61,750. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकलं की जुना डोस तसाच चालू करता येत नाही, पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं. डॉक्टर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. सर्पगंधेतून काढलेलं औषध 1950च्या दशकात या आजारावर खरंच वापरायचे, पण त्यानं रक्तदाब उतरतो आणि उदासी येते, म्हणून मागं पडलं, असं त्यांनी समजावलं. म्हणजे त्या भामट्याच्या पोत्यात चिमूटभर खरं होतं.

झेरॉक्सची नोकरी गेली. मालक भला माणूस, पण म्हणाला, “काका, गिऱ्हाईक घाबरतं.” पोराजवळ कुणीतरी हवं म्हणून बायकोनं शाळेतलं पोषण आहाराचं काम सोडलं. हे कुठल्या बिलात घालू?

आता साहेब लोकांचं ऐका. साताऱ्याचं पोलीस ठाणं म्हणे, गुन्हा पुण्यात घडला, पुण्यात जा. पुण्यात म्हणे, “पैसे तुम्ही स्वतः दिले ना? बिल तर 1,340 चं आहे. ही दिवाणी बाब.” 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद घ्यायची आहे, हे मी हवालदाराला कागद काढून दाखवलं. तो म्हणाला, “आजोबा, वकील का?” औषध प्रशासनात गेलो तर पुडी सीलबंद नाही म्हणून नमुना घेईनात. आणि म्हणे जाहिरात कुठाय? 1954 च्या औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात वेडावर इलाज असल्याची जाहिरात करायला बंदी आहे, आणि जाहिरातीत तोंडी केलेली घोषणाही धरली आहे. ते कलम मी वाचून दाखवलं. “अर्ज ठेवून जा.” चार खेपा, चार अर्ज. विमावाल्यांनी दवाखान्याचं बिल नाकारलं, ‘मानसिक आजार बसत नाही’. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या, आणि तो 29 मे 2018 पासून लागू आहे. कायदा सगळा आहे हो. टेबलामागचा माणूस तेवढा नाही.

गोळ्या बंद करा म्हणणारा वैद्य असो, बुवा असो की तुमचा मेव्हणा, तिथून उठा. शंका आली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. मला तो नंबर पोरगं अ‍ॅडमिट झाल्यावर कळला. दिव्यांग प्रमाणपत्र काढा, 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर एस.टी.त तिकिटाला सवलत आहे. लाज वाटते म्हणून आम्ही सहा वर्षं काढलं नाही, म्हणजे सवलत ज्या खात्याची त्याच खात्यातला मी, पोराचं पूर्ण तिकीट काढत राहिलो.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकील लागतच नाही. दुकानदाराचं उत्तर आलंय : ‘तक्रारदाराने 1,340 चा माल खरेदी केला व तो समाधानी होता.’ यूपीआयची दोन्ही खाती ‘आमची नव्हेत’.

पुण्यात दवाखान्याबाहेर पांढऱ्या शर्टातला, भाच्याची नोकरी आणि लग्न सांगणारा, चहाचे पैसे स्वतः देणारा माणूस तुम्हालाही भेटला असेल, आणि बिल असंच हजार-दीड हजाराचं मिळालं असेल, तर ते फाडू नका. आयोगात मी एकटा आहे. शेजाऱ्यांना कळेल, सोयरे काय म्हणतील, हे मला सांगू नका, मुलीच्या सासरी मी मागच्या रविवारी जाऊन खरं काय ते सांगून आलोय.