बिजागरी कुठली घ्यावी: साधी, बेअरिंगची की लपलेली?

दार घासायला लागलं की आपण आधी लाकडाला दोष देतो. दमट हवेने फुगलं असेल म्हणतो आणि रंधा मारून घेतो. माझ्या घरात बाथरूमच्या दाराचं तेच झालं. दोनदा रंधा मारून झाला, तरी दार पुन्हा उंबऱ्याला टेकलं, तेव्हा कुठे मी वरची बिजागरी नीट पाहिली. तिचं पान, म्हणजे स्क्रूने बसवलेली चपटी पट्टी, चौकटीपासून दोनेक मिलिमीटर सुटलं होतं. स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होता आणि बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत लाकडाचा भुसा भरलेला. एवढं जड दार तीन इंचाच्या दोनच बिजागऱ्यांवर टांगलं होतं, तिथेच सगळं चुकलं होतं.

तेव्हापासून मी रंगरूप शेवटी बघतो. दार किती जड आणि किती रुंद आहे, दिवसातून किती वेळा उघडतं आणि पाण्याजवळ आहे का, हे आधी.

जडपणाचा हिशेब सोपा आहे. समजा दार 40 किलोचं, 90 सेंटिमीटर रुंद आणि वरच्या-खालच्या बिजागरीत 160 सेंटिमीटर अंतर आहे. दाराचं वजन तर बिजागऱ्या पेलतातच, शिवाय दार वरच्या बिजागरीला साधारण 11 किलोच्या जोराने चौकटीपासून ओढत असतं आणि खालचीला तेवढ्याच जोराने दाबत असतं. 25 किलोचं मूल मुठीला लोंबकळलं की वरची ओढ दुपटीच्या पुढे जाते. दार उतरतं ते जवळजवळ नेहमी वरच्या बिजागरीपासून, त्याचं कारण हेच. जड दाराला तिसरी बिजागरी बरोबर मधे न लावता वरचीच्या जवळ लावली तर ही ओढ वाटली जाते. दार हलकं असलं आणि वाक धरण्याची भीती असली, तर तिसरी मधेच बरी.

आता साधी आणि बेअरिंगची. साध्या बिजागरीत पिनेभोवतीच्या नळीचे तुकडे, म्हणजे गाठी, एकमेकींवर टेकून फिरतात, म्हणजे धातूवर धातू घासतो. कपड्यांच्या खोलीचं किंवा अडगळीचं दार दिवसातून चार वेळा उघडत असेल, तर चार इंचाच्या तीन साध्या बिजागऱ्या पुरेशा आहेत. बेअरिंगच्या बिजागरीत गाठींच्या मधे छोट्या गोळ्यांच्या चकत्या असतात आणि भार त्यांच्यावर फिरतो, त्यामुळे झीज कमी होते, करकर होत नाही आणि जड दारसुद्धा एका बोटाने ढकलता येतं. मुख्य दार भरीव लाकडाचं असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही: पाच इंची, बेअरिंगच्या, आणि निदान तीन. इथे वाचवलेले पैसे पुढे सुताराला द्यावे लागतात.

लपलेली बिजागरी दिसायला फार देखणी. दार बंद असताना काहीच दिसत नाही, आणि चांगल्या प्रतीचीला किल्लीने वर-खाली, डावीउजवीकडे आणि आत-बाहेर सरकवायची सोय असते. तिची शिफारस मी तरीही सरसकट करत नाही. तिच्यासाठी दारात आणि चौकटीत दोन्हीकडे खोल खाच पाडावी लागते. दार पातळ किंवा आतून पोकळ असेल तर धरायला लाकूडच उरत नाही, आणि खाच एकदा चुकली की झाकायला जागा नसते. साध्या बिजागरीची खाच पानाच्या जाडीएवढीच असते, चुकली तर पट्टी घालून भरता येते. दार नवीन, जाड आणि भरीव असेल आणि कारागीर हे काम आधी केलेला असेल, तर जरूर घ्या. जुनं दार तसंच ठेवून फक्त बिजागऱ्या बदलायच्या असतील तर नका घेऊ.

धातूच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत स्टेनलेस स्टीलमध्ये होते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल चांगला, असं समजतात. 202 या प्रतीलाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि 304 लाही नाही, पण 202 मध्ये निकेल कमी असतं आणि ओलाव्यात ती लवकर गंजते. बाथरूमला 304 हवी, खाऱ्या हवेत 316. प्रतीचा आकडा विचारून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. पितळी बिजागरी गंजत नाही, पण धातू मऊ. जड दारावर काही काळाने गाठींखाली काळपट पूड दिसू लागते, तीच झिजल्याची खूण. पितळ हवंच असेल तर पोलादी पिन आणि मधे पोलादी चकत्या असलेलं बघा. पितळी स्क्रू बसवण्याआधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा फिरवून काढा, नाहीतर पितळी स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं.

काही दारांची गरज वेगळी असते. उघडताना दार जाजमाला घासत असेल तर उघडताना वर उचलणारी बिजागरी मिळते. तिच्यात डावी-उजवी असा फरक असतो, त्यामुळे दार कुठल्या बाजूला उघडतं ते आधी ठरवा. चौकटीची पट्टी बाहेर आलेली असून दार पूर्ण भिंतीला टेकवायचं असेल तर रुंद पानांची पार्लमेंट बिजागरी. दार बाहेर उघडत असेल तर पिन बाहेरच्या बाजूला येते आणि ठोकून काढता येते, तिथे पक्की, न निघणारी पिन हवी. कपाटाची गोष्ट निराळी: तिथे 35 मिलिमीटरच्या वाटीची बिजागरी, आणि पल्ला बाजूच्या फळीला पूर्ण झाकतो, अर्धा झाकतो की आत बसतो, त्यावर तिचा वाक ठरतो.

एवढं करूनही स्क्रू आखूड असला तर सगळं फुकट. माझ्या बाथरूमच्या दाराला शेवटी भोकांत लाकडाच्या काड्या डिंक लावून ठोकल्या, चार इंचाच्या तीन बिजागऱ्या बसवल्या आणि वरचीला चौकटीत खोल जाणारे लांब स्क्रू लावले. आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू पिळा, म्हणजे लाकूड चिरत नाही. खरेदीला जाताना जुनी बिजागरी काढून सोबत न्या. भोकांची जागा आणि पानाचे कोपरे, गोल की चौकोनी, जुळले तर नवी खाच पाडावी लागत नाही.