नाव घ्यावं की नटसंच? म्युझिकलच्या पुनरुज्जीवनाचा हिशेब

‘शिकागो’ हे म्युझिकल (गाणी-नृत्याचं नाटक) नोव्हेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पुन्हा उभं राहिलं ते आजतागायत चालू आहे. दहा हजारांहून जास्त प्रयोग झाले. ‘रॅगटाइम’ नोव्हेंबर २००९ मध्ये पुन्हा आलं आणि ६५ प्रयोग करून जानेवारीत बंद झालं. तिकीटबारीवर रांगा लावील असं मोठं नाव दोन्हीकडे नव्हतं. (‘शिकागो’तली बेबी न्यूवर्थ टीव्ही मालिकेमुळे ओळखीची होती आणि ॲन राइंकिंगला नृत्यातले जाणकार मानत; पण तेवढ्यावर कोणी वर्षानुवर्षं तिकिटं काढत नाही.) कौतुक दोन्हींचं झालं. ‘रॅगटाइम’ तर बंद पडून काही महिने झाल्यावर ब्रॉडवेवरच्या मानाच्या टोनी पुरस्काराच्या ‘सर्वोत्तम पुनरुज्जीवन’ गटात नामांकनात होतं.

मग बिघडलं कुठे? ‘रॅगटाइम’मध्ये चाळीसेक कलाकार आणि २८ वादकांचा ताफा होता. ‘शिकागो’त वादक रंगमंचावरच बसतात, कलाकार काळ्या कपड्यांत असतात आणि नेपथ्य जवळजवळ नाहीच. ते उभं राहिलं सुमारे २५ लाख डॉलरमध्ये. म्हणून जुनं म्युझिकल काढायला निघालेल्या निर्मात्याने ‘प्रसिद्ध नट घेऊ की नको’ असं विचारलं, की मी आधी उलट विचारतो: तुमचा आठवड्याचा खर्च किती?

हा प्रश्न पुनरुज्जीवनाला जास्त टोचतो. नवं म्युझिकल गाजलं तर पुढे शाळा, हौशी संस्था आणि परदेशी निर्मिती यांच्या हक्कांतून मूळ गुंतवणूकदारांना बरीच वर्षं वाटा मिळत राहतो. जुन्या कृतीचं ते उत्पन्न सहसा लेखक-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे आधीच जात असतं. तुमच्या वाट्याला आलं तर थोडंसं. म्हणजे लावलेला पैसा मुख्यतः तिकीटबारीवरूनच परत यायला हवा.

मोठं नाव घेतलं तर

पहिला फायदा उघड आहे, आगाऊ बुकिंग. बेट मिडलरच्या ‘हॅलो, डॉली!’ची विक्री सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी ९० लाख डॉलरची तिकिटं गेली. प्रयोग सुरू व्हायला अजून काही महिने होते. दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण मला तोच मोठा वाटतो. नावाबरोबर मुदत येते. जुन्या नाटकाचा शत्रू म्हणजे ‘बघू कधीतरी’ म्हणणारा प्रेक्षक. गोष्ट माहीत, गाणी पाठ, घाई कसली? ‘ह्यू जॅकमन जानेवारीपर्यंतच आहे’ असं कळलं की तोच माणूस आज तिकीट काढतो. त्याच्या २०२२ च्या ‘द म्युझिक मॅन’चा गल्ला काही आठवड्यांत ३० लाख डॉलरच्या पुढे गेला. त्या वर्षी त्याला एकही टोनी मिळाला नाही आणि त्याने काही बिघडलंही नाही. १५ जानेवारी २०२३ ला जॅकमन थांबला, प्रयोगही थांबले.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक तर मोठा नट गल्ल्यातला टक्का घेतो, त्यामुळे भरलेल्या प्रेक्षागृहाचा सगळा आनंद तुमचा नसतो. आणि सगळी इमारत एका माणसाच्या घशावर उभी राहते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘द म्युझिक मॅन’ची नायिका सटन फॉस्टर आजारी पडली, तेव्हा कॅथी व्हॉइटको ऐनवेळी उभी राहिली आणि प्रयोग झाला. शेवटी जॅकमनने रंगमंचावरूनच बदली कलाकारांचं तोंडभरून कौतुक केलं. काही दिवसांनी त्याला स्वतःला कोविड झाला आणि प्रयोग रद्द करावे लागले. नायिकेशिवाय पडदा उघडला, त्याच्याशिवाय उघडला नाही. ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असतं तो नसेल, तर प्रेक्षक पैसे परत मागू शकतो, हा तिथला रिवाजच आहे.

तरी नाव असलं की पैसे सुटतात असंही नाही. ऑड्रा मॅकडॉनल्डइतके अभिनयाचे टोनी दुसऱ्या कोणाकडे नाहीत, सहा आहेत. तिचं ‘जिप्सी’ ऑगस्ट २०२५ मध्ये, जाहीर केलेल्या तारखेच्या आधीच, पैसे वसूल न होता बंद झालं. २०२४ चं ‘कॅबरे’ एडी रेडमेनला घेऊन आलं. थिएटर आतून बदलून त्याचा क्लब केला होता. रेडमेन गेल्यावर एकामागून एक दुसरी नावं आणली, पण सप्टेंबर २०२५ मध्ये तेही आटोपलं. खर्चच एवढा होता की नावांनी तो पेलला नाही.

नावापेक्षा नाव आणि भूमिका यांची सोयरीक महत्त्वाची, आणि ‘फनी गर्ल’ने हे जवळजवळ प्रयोगशाळेत करावं तसं दाखवून दिलं. १९६४ साली बार्ब्रा स्ट्रायसँडने गाजवलेली भूमिका, म्हणून मूळ नाटक १९६७ मध्ये थांबल्यावर जवळपास पंचावन्न वर्षं ब्रॉडवेवर तिला कोणी हात लावला नव्हता. २०२२ मध्ये बीनी फेल्डस्टीनला घेतलं. सिनेमामुळे लोकांना ती माहीत होती, पण समीक्षक तिच्या गाण्यावर नाराज झाले आणि गल्ला घसरत गेला. जुलैअखेर ती बाहेर पडली. सप्टेंबरमध्ये ली मिशेल आली. नेपथ्य तेच, वाद्यवृंद तोच, दिग्दर्शक तोच. गल्ला दहा लाखांच्या आतबाहेर होता तो वीस लाख डॉलरच्या पुढे गेला. ली मिशेल बीनीपेक्षा कितीतरी पटींनी प्रसिद्ध होती असं नाही. पण ‘ग्ली’ मालिकेत तिने जी मुलगी रंगवली होती, तिचं स्वप्नच ही भूमिका करण्याचं होतं आणि यातली गाणी ती मालिकेत गायली होती. लोक वर्षानुवर्षं मनातल्या मनात तिला या भूमिकेत बघत होते. (मधला ऑगस्टचा महिना बदली कलाकार जूली बेंकोने सांभाळला आणि तिचंही नाव झालं, हा या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग.)

नाव नसेल तर

नावाची जागा रिकामी ठेवता येत नाही, ती कशाने तरी भरावी लागते. कधी कृतीचं शीर्षकच ती भरतं. २०१४ चं ‘ले मिझराब्ल’ सिनेनटांशिवाय अडीच वर्षं चाललं, कारण २०१२ च्या चित्रपटाने त्याची जाहिरात करून ठेवली होती. पण तुमच्या हाती तेवढं गाजलेलं शीर्षक असेलच असं नाही.

म्हणून बहुतेकांना मांडणीकडे वळावं लागतं. लंडनच्या ब्रिज थिएटरला सरकारी अनुदान नाही. तिथे २०२३ मध्ये ‘गाइज अँड डॉल्स’ आलं त्यात प्रेक्षक मधोमध उभे राहत आणि त्यांच्याभोवती रंगमंचाचे तुकडे वर-खाली होत. मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि ते जानेवारी २०२५ पर्यंत चाललं. २०१३ च्या ‘पिपिन’ने मॉन्ट्रियालची सर्कस आणली. २००९ च्या ‘हेअर’मध्ये शेवटी प्रेक्षक रंगमंचावर चढून नाचत, आणि त्याचे पैसे त्याच उन्हाळ्यात वसूल झाले. तिन्ही ठिकाणी परतणारा माणूस कोण होतं हे सांगत नाही, काय झालं ते सांगतो. तोंडी प्रसिद्धीला असंच काहीतरी लागतं. ‘छान गायले’ एवढ्यावर शेजारचा माणूस तिकीट काढत नाही.

‘हेअर’ची पुढची गोष्ट मात्र विसरू नये. २०१० मध्ये मूळ संच लंडनला गेला, न्यूयॉर्कमध्ये नवा संच आला आणि जूनमध्ये प्रयोग थांबले. नाव नसलेल्या नाटकातही सगळेच बदलण्याजोगे असतात असं नाही. तिथे अख्खा संचच नट असतो.

तोंडी प्रसिद्धीला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसे. समजा प्रेक्षागृह पूर्ण भरलं तर आठवड्याच्या आठ प्रयोगांचे दहा लाख मिळतात. खर्च सहा लाख असेल तर साठ टक्के भरलेल्या घरात तुम्ही तग धरता आणि चर्चा पसरायची वाट बघू शकता. खर्च साडेआठ लाख असेल तर पंचाऐंशी टक्क्यांखालचा प्रत्येक आठवडा खिशातून जातो. ‘रॅगटाइम’ची चर्चा पसरायच्या आत पैसे संपले. मोठा पसारा आणि नाव नाही ही जोडी खाजगी निर्मात्याने टाळावी, मग समीक्षक काहीही म्हणोत.

इथे कोणीतरी ‘साउथ पॅसिफिक’ पुढे करतो. २००८ मध्ये लिंकन सेंटर थिएटरने तीस वादकांसह ते काढलं, नायकाच्या भूमिकेत ब्राझीलचा ऑपेरागायक पाउलो शॉट, बाहेरच्या जगाला अपरिचित, आणि ९९६ प्रयोग झाले. उदाहरण खरं आहे, पण ती ना-नफा संस्था. तिला सभासद आहेत, देणगीदार आहेत, स्वतःचं थिएटर आहे. तुम्ही भाड्याच्या थिएटरात बसणार असाल तर हे उदाहरण तुमचं नाही. तुमचं उदाहरण २०१९ पासून चाललेलं ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ आहे. खुर्च्या २७०, पात्रं मोजकी, आणि नावं अधूनमधून येऊन जातात.

मधला रस्ता

अर्धवट ओळखीचा नट, मोठा खर्च आणि शेवटची तारीख नाही, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. त्याच्यासाठी कोणी घाई करत नाही आणि तो मात्र मोठ्या नटासारखा करार मागतो. त्यापेक्षा ‘शिकागो’ची युक्ती चांगली. आधी नाटक स्वतःच्या पायावर उभं केलं, मग पाहुणे बोलावले: २००३ मध्ये मेलनी ग्रिफिथ, २००६ मध्ये अशर, २०२२ मध्ये पामेला अँडरसन. काही आठवड्यांपुरतं नाव येतं, गल्ला चढतो, नाव जातं, नाटक राहतं. त्यातल्या भूमिकाच अशा आहेत की पाहुणा थोड्या तालमींत बसतो. प्रत्येक म्युझिकलला हे जमणार नाही; मुख्य पात्र अडीच तास रंगमंचावरून हलतच नसेल तर नाहीच.

दौऱ्याचा विचार असेल तर पारडं थोडं नावाविरुद्ध झुकतं. मोठे नट महिनोन्‌महिने गावोगाव फिरत नाहीत आणि तिथली तिकिटं बरीचशी हंगामाच्या वर्गणीतून, शीर्षकावर जातात.

मला निवडायचं असतं तर आठवड्याचा खर्च भरलेल्या घराच्या साठ-पासष्ट टक्क्यांत बसत असल्यास मी नावाशिवाय जाईन आणि वाचलेला पैसा पहिल्या तीन महिन्यांच्या तोट्यासाठी बाजूला ठेवीन. बसत नसेल तर भूमिकेला शोभणारं नाव, ठरलेली शेवटची तारीख, आणि तो गेला त्या दिवशी पडदा.

‘रॅगटाइम’ ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा आलं. जोशुआ हेन्री, केसी लेव्ही, ब्रँडन उरानोविट्झ: रंगभूमीवर मानाचे, सिनेमातलं कोणी नाही. संच मोठाच, वाद्यवृंदही. या वेळी ते लिंकन सेंटर थिएटरमध्ये आलं, ‘साउथ पॅसिफिक’ झालं होतं त्याच रंगमंचावर, आणि मुदत वाढवावी लागली.